पायाच्या बुरशीचा माग काढणारा चित्रकार डॉक्टर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची धडधड दिवसरात्र चालू असते. येथील चादरी आणि टॉवेल देशभर जातात, परदेशातही जातात. मात्र ते विणले जाण्यापूर्वी सूत धुवावे लागते, रंगवावे लागते, पिळून वाळवावे लागते. रंगकामाच्या खात्यात फरशी कोरडी राहणे जवळजवळ अशक्यच. तासन्‌तास ओल्या फरशीवर उभे राहणाऱ्या, रबरी बुटांत घामेजलेल्या किंवा साध्या चपलांत भिजलेल्या पायांना जो त्रास होतो, त्याला मराठीत एक नेमके नाव आहे : चिखल्या. बोटांच्या बेचक्यातील कातडी पांढरी पडते, फुगते, सोलवटते. खाज सुटते, आग होते आणि कधी कधी दुर्गंधीही येते. पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या शेतकऱ्याला जे होते, तेच येथे बारा महिने कामगाराला होऊ शकते. दिवसभर बंद बूट घालून वातानुकूलित कचेरीत बसणारा शहरी नोकरदारही त्यातून सुटलेला नाही.

पायाच्या या व्याधी आपल्याकडे पुरातन आहेत. सुश्रुतसंहितेत ‘क्षुद्ररोग’ या सदरात ‘अलस’ नावाचा विकार सांगितला आहे. घाणेरड्या चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या मधली जागा ओलसर होते, तेथे खाज आणि दाह होतो, असे त्याचे वर्णन आहे. त्याच सदरात वारुळासारख्या वाढणाऱ्या, छिद्रांतून स्रवणाऱ्या ‘वल्मीक’ नावाच्या गाठीचीही नोंद आहे. पहिला विकार म्हणजे आपल्या चिखल्या. दुसऱ्याचे वर्णन आधुनिक वैद्यकात ‘मायसेटोमा’ किंवा ‘मदुरा पाय’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भीषण रोगाशी बरेच जुळते. एक कातडीच्या वरच्या थरापुरता, तर दुसरा हाडांपर्यंत पोहोचणारा. या दुसऱ्या रोगामागे बुरशी आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगणारा आणि त्याला आजचे नाव देणारा माणूस मुंबईत शिकवत होता, साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. त्याचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. विशेष म्हणजे जगभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्याची चित्रे पाहिलेली आहेत. पण ज्या ग्रंथात ती आहेत, तो ग्रंथ दुसऱ्याच्याच नावाने ओळखला जातो.

चित्रकाराचा मुलगा

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगातील निसर्गचित्रकार होते आणि स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी त्यांचे वास्तव्य होते. मुलाच्या नावात ‘व्हॅन्डाइक’ आले ते सतराव्या शतकातील विख्यात चित्रकाराच्या नावावरून. घरातच कुंचला आणि कागद असल्यामुळे रेषेवरची पकड लहानपणीच आली. मात्र या मुलाने चित्रकलेवर पोट भरायचे ठरवले नाही. १८४८ साली तो लंडनला आला आणि सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेऊ लागला.

तेथेच त्याची गाठ हेन्री ग्रे या तरुण, हुशार आणि महत्त्वाकांक्षी शरीररचनातज्ज्ञाशी पडली. विद्यार्थ्यांना परवडेल आणि शस्त्रक्रियेला उपयोगी पडेल असा शरीररचनेचा ग्रंथ करावा, ही कल्पना ग्रे यांनी १८५५ च्या अखेरीस कार्टर यांच्यापुढे मांडली. ग्रे यांनी मजकूर लिहायचा, कार्टर यांनी चित्रे काढायची आणि शवविच्छेदन दोघांनी मिळून करायचे, असे ठरले. पुढे सुमारे दीड वर्ष दोघेही या कामात गढून गेले. कार्टर यांनी लाकडी ठशांवर चित्रे उलट्या बाजूने रेखाटली, म्हणजे छापल्यावर ती सुलट दिसावीत. स्नायू, शिरा, हाडे यांची नावे बाजूला न लिहिता त्या त्या अवयवावरच लिहिण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्यांना फार सोयीची ठरली. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्याला आकड्यांच्या मागे धावावे लागत नव्हते.

१८५८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ३६३ चित्रे होती. ग्रंथाचे यश पहिल्या आवृत्तीपासूनच ठरून गेले आणि तो आजतागायत नव्या नव्या आवृत्त्यांत निघतो आहे. मात्र या यशातील कार्टर यांचा वाटा फार तोकडा ठरला. ग्रे यांना विकल्या जाणाऱ्या प्रतींवर मानधन मिळायचे होते, तर कार्टर यांना एकरकमी १५० पौंड मिळाले. मुखपृष्ठाच्या मुद्रितात दोघांची नावे सारख्याच ठळक अक्षरांत होती. ती तपासताना ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत घेण्याची सूचना केली आणि त्यांच्या पदाचा उल्लेखही खोडला. ग्रे स्वतः १८६१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी देवीच्या रोगाने दगावले. ग्रंथ मात्र ‘ग्रेज अॅनाटमी’ म्हणून अमर झाला. चित्रकाराचे नाव कालांतराने विद्यार्थ्यांच्या स्मरणातून गेले.

मुंबईत आगमन

ग्रंथ बाजारात येण्याआधीच कार्टर हिंदुस्थानच्या वाटेला लागले होते. जानेवारी १८५८ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८५७ च्या उठावाची धग अजून शमलेली नव्हती आणि कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य सुरू होण्याचा तो काळ होता. मुंबईत त्यांची नेमणूक ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून झाली. शेजारच्याच जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात साहाय्यक शल्यचिकित्सकाचे कामही त्यांच्याकडे आले. १८४५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयातून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी बाहेर पडून मुंबईत नाव कमावून होते. एतद्देशीय विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारी ही इलाख्यातील अग्रगण्य संस्था होती.

कार्टर यांचे खासगी आयुष्य मात्र या काळात सुखाचे नव्हते. १८५९ साली मुंबईत त्यांनी विवाह केला, तो लवकरच अयशस्वी ठरला. त्यातून आलेली मानहानी आणि एकाकीपण त्यांनी दीर्घकाळ सोसले. स्वभावाने ते मुळातच अबोल, आत्मपरीक्षण करणारे आणि धर्मश्रद्ध होते. आपल्या हातून काही मोलाचे काम होईल की नाही, ही शंका त्यांना तरुणपणापासून छळत असे. जिजीभाई रुग्णालयातील खाटांवर मात्र त्यांना असे काही दिसले, की ज्याने त्यांच्या शंकेला उत्तर मिळावे.

पायातील काळे दाणे

ते होते शेतकऱ्यांचे, गुराख्यांचे, अनवाणी चालणाऱ्या माणसांचे पाय. एखादा काटा रुतल्याचे निमित्त होई. रुग्ण ते विसरूनही जाई. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तळव्यावर किंवा घोट्याजवळ एक टणक गाठ येई. ती फारशी दुखत नसे आणि नेमका तोच घात होता. दुखत नाही म्हणून माणूस कामावर जात राही. हळूहळू पाऊल सुजून बेढब होई, त्यावर छिद्रे पडत आणि त्यांतून पू व रक्तासोबत बारीक दाणे बाहेर येत. कोणाच्या पायातून बंदुकीच्या दारूसारखे काळे दाणे, तर कोणाच्या पायातून माशाच्या अंड्यांसारखे फिकट दाणे. रोग हाडांत शिरला, की पाय कापण्यावाचून इलाज उरत नसे.

हा रोग कार्टर यांनी शोधला असे नव्हे. मदुरेच्या दवाखान्यातील जॉन गिल या डॉक्टरने १८४२ साली त्याची नोंद केली होती. ‘मदुरा पाय’ हे नाव त्या गावावरून रूढ झाले. बळ्ळारी येथील गॉडफ्रे यांनी १८४६ साली त्यावर लिहिले होते. प्रश्न होता तो कारणाचा. हाडे सडण्याचा हा प्रकार आहे, की गंडमाळेचा, की आणखी कशाचा, याविषयी तर्कच चालू होते.

कार्टर यांनी कापलेले पाय नीट चिरून पाहिले. शरीररचनेच्या ग्रंथासाठी दीड वर्ष शवविच्छेदनाच्या टेबलाशी काढलेल्या त्या हातांना थर न थर उलगडण्याची सवय होती. दाणे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यांच्यात धाग्यांसारखी गुंतलेली रचना पाहिली. हे दाणे म्हणजे सडलेले मांस नव्हे, तर जिवंत बुरशीच्या वसाहती आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८६० साली मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तो मांडला आणि त्यानंतर या रोगाला ‘मायसेटोमा’ म्हणजे बुरशीची गाठ हे नाव दिले.

या निष्कर्षाचे मोल समजण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यायला हवा. जंतूंमुळे रोग होतात, हा सिद्धांत अजून प्रस्थापित व्हायचा होता. रॉबर्ट कॉख यांचा क्षयाच्या जंतूचा शोध २२ वर्षे दूर होता. डोक्यावरच्या खपल्यांच्या एका रोगात बुरशी असते, हे युरोपात शेनलाइन यांनी १८३९ साली आणि पाठोपाठ ग्रुबी यांनी दाखवले होते. पण ती गोष्ट कातडीच्या पृष्ठभागाची होती. बुरशी माणसाच्या मांसात आणि हाडात खोलवर घर करू शकते, हे म्हणणे धाडसाचे होते. मुंबईत बसून ते म्हणणे अधिकच धाडसाचे होते.

त्यांचे सारेच बरोबर ठरले असेही नाही. जपून ठेवलेल्या एका नमुन्यावर गुलाबी रंगाची बुरशी उगवली. इंग्लंडमधील बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी तिला शास्त्रीय नाव दिले आणि त्या नावात कार्टर हे नाव गुंफले. रोगाचे मूळ हीच बुरशी, असा समज त्यातून पसरला. पुढे ती बाहेरून येऊन नमुन्यावर वाढलेली असल्याचे दिसून आले. १८७५ साली कोलकात्यातील लुईस आणि कनिंगहॅम या दोघांनी तर बुरशीच्या सिद्धांतावरच आक्षेप घेतला. कार्टर यांना जिवंत बुरशी दाण्यांतून वाढवून दाखवता आली नव्हती, हे त्यांच्या बाजूचे उणेपण खरेच होते.

निकाल लागला तो त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर, तोही दोन्ही बाजूंना थोडा थोडा. १८९४ साली व्हिन्सेंट यांनी फिकट दाण्यांच्या रोगातून एक सूक्ष्मजीव वेगळा वाढवला. तो बुरशीसारखा धागेदार असला तरी प्रत्यक्षात जिवाणूंच्या कुळातील आहे, हे नंतर स्पष्ट झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी काळ्या दाण्यांमागची खरी बुरशी ओळखली गेली. म्हणजे मायसेटोमा हा एकच रोग नव्हे. बुरशीमुळे होणारा एक आणि धागेदार जिवाणूंमुळे होणारा दुसरा. काळ्या आणि फिकट दाण्यांत भेद आहे, हे कार्टर यांनी नोंदवून ठेवलेच होते. आजही औषध कोणते द्यायचे हे या भेदावर ठरते. जिवाणूजन्य प्रकारात प्रतिजैविकांचा चांगला उपयोग होतो. बुरशीजन्य प्रकारात बुरशीनाशक गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात आणि अनेकदा शस्त्रक्रियाही करावी लागते.

सातारा ते नॉर्वे

१८६३ साली कार्टर यांची बदली साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून झाली. महाविद्यालय, शवविच्छेदनगृह आणि ग्रंथालय मुंबईत राहिले. एखाद्या महत्त्वाकांक्षी संशोधकाला ही बदली म्हणजे वनवास वाटली असती. कार्टर तेथे १८७२ पर्यंत, सुमारे नऊ वर्षे राहिले. छत्रपतींच्या गादीचे ते गाव त्या वेळी नुकतेच इंग्रजी अमलात स्थिरावत होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांनी जी रुग्णसेवा केली, तिची नोंद कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. कुष्ठरोग आणि पायाची बुरशी या आपल्या दोन विषयांवरचा त्यांचा अभ्यास मात्र सुटला नाही.

त्यानंतर मिळालेल्या दीर्घ रजेत ते विश्रांतीला न जाता नॉर्वेला गेले. तेथे कुष्ठरोग्यांसाठी सरकारी रुग्णालये होती, रुग्णांची नोंदवही होती आणि हान्सेन हे तरुण डॉक्टर कुष्ठरोगाच्या जंतूचा शोध घेत होते. तेथील व्यवस्था पाहून हिंदुस्थानात काय करता येईल, याचा अहवाल कार्टर यांनी सादर केला. १८७४ साली मायसेटोमावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे त्यांचीच होती. ग्रे यांच्या ग्रंथात निरोगी पाऊल ज्या निगुतीने रेखाटले होते, त्याच निगुतीने येथे रोगाने पोखरलेले पाऊल रेखाटले गेले. या वेळी मुखपृष्ठावर नाव फक्त त्यांचेच होते.

दुष्काळाचा ताप

परत आल्यावर त्यांनी काठेवाडात कुष्ठरोगाची पाहणी केली आणि मग मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयाची जबाबदारी घेतली. तोच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ ओढवला. मुंबई इलाख्यात ज्या जिल्ह्यांना त्याची सर्वाधिक झळ बसली, त्यांत सोलापूर होते. पोटासाठी माणसे मुंबईकडे लोटली. उपाशी, थकलेल्या, दाटीवाटीने राहणाऱ्या या लोकांत १८७७ साली एक विचित्र ताप पसरला. तो येई, उतरे आणि काही दिवसांनी पुन्हा उलटे.

कार्टर यांनी या रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. बर्लिनच्या ओबरमायर यांनी अशाच तापात पाहिलेले मळसूत्री जंतू त्यांना मुंबईत सापडले. माकडांना हा रोग देऊन त्यांनी तो जंतूंमुळेच होतो, याचा पुरावा उभा केला. १८८२ साली या विषयावरचा त्यांचा ग्रंथ निघाला आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचा सन्मानही त्यांना लाभला. पुढे या जंतूच्या एका जातीला त्यांच्याच नावावरून ‘बोरेलिया कार्टेरी’ म्हटले जाऊ लागले. सोलापूरच्या गावांतून मुंबईला गेलेल्या किती अनाम माणसांच्या रक्ताचा थेंब त्या काचेवर आला असेल, याची मोजदाद आता होऊ शकत नाही.

१८८७ च्या सुमारास त्यांनी हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात लाव्हेरान यांनी वर्णन केलेले परजीवी पाहिले. हिंदुस्थानातील ते अगदी आरंभीच्या निरीक्षणांपैकी एक होते. १८८८ साली तीस वर्षांच्या सेवेनंतर ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. राणीचे मानद वैद्य म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १८९० साली, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पुन्हा विवाह केला आणि दोन अपत्यांचे सुख त्यांना उशिरा का होईना लाभले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधला. ज्या सूक्ष्मदर्शकी परंपरेत रॉस यांचा शोध बसतो, तिचा पाया घालणाऱ्यांत कार्टर होते.

चिखल्यांवर घरगुती उपाय

कार्टर यांनी अभ्यासलेला रोग दुर्मीळ आहे. चिखल्या मात्र घरोघरी आहेत. त्यांना कारणीभूत होणाऱ्या बुरशींपैकी सर्वाधिक आढळणारी ‘ट्रायकोफायटॉन रुब्रम’ ही बुरशी १९१० साली कोलंबोत काम करणाऱ्या अल्डो कॅस्टेलानी यांनी वर्णिली. ही बुरशी मांसात शिरत नाही. कातडी, नखे आणि केस ज्या केरॅटिन नावाच्या पदार्थाचे बनलेले असतात, त्यावर ती जगते. तिला ऊब आणि ओल हवी असते. म्हणून पहिला उपाय औषधाच्या दुकानात नसून आपल्या न्हाणीघरात आहे.

पाय रोज साबणाने धुवावेत आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या कराव्यात. सोलापूरचा टॉवेल पाणी छान टिपतो. पण पायांसाठीचा टॉवेल वेगळा ठेवावा आणि तो घरातल्या इतरांनी वापरू नये. पायमोजे सुती असावेत आणि रोज बदलावेत. घाम फार येत असेल तर दुपारीही बदलावेत. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे एक जोड पूर्ण सुकतो. ओल्या खात्यात काम करणाऱ्यांनी रबरी बुटांत कोरडे मोजे घालावेत, सुट्टीच्या वेळी बूट काढून पाय वाऱ्यावर ठेवावेत आणि पाळी संपताच पाय धुऊन पुसावेत. सामाईक न्हाणीघरात, वसतिगृहात वा पोहण्याच्या तलावाच्या काठावर अनवाणी चालू नये.

खाज सुरू झालीच, तर क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन यांसारखे साधे बुरशीनाशक मलम उपयोगी पडते. ते दिसणाऱ्या डागावर आणि भोवतालच्या निरोगी वाटणाऱ्या कातडीवरही लावावे. खाज थांबली की मलम थांबवणे ही सर्वसाधारण चूक आहे. क्लोट्रिमॅझोल साधारणपणे चार आठवडे लावावे लागते. टर्बिनाफिनला एक ते दोन आठवडे पुरतात. नखे जाड, पिवळी आणि ठिसूळ झाली असतील तर मलमाने भागत नाही. त्यासाठी डॉक्टरी सल्ल्याने कित्येक महिन्यांचा उपचार घ्यावा लागतो. घरात दुसऱ्या कोणाला नायटा वा गजकर्ण असेल तर त्याच्यावरही एकाच वेळी उपचार व्हायला हवेत, नाही तर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र असलेली मलमे दुकानात सर्रास मागितली जातात. स्टिरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते आणि रोग बरा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात कातडीची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी पसरते. गेल्या काही वर्षांत भारतात हट्टी, परत परत उलटणाऱ्या गजकर्णाची जी साथ दिसते, तिच्यामागे या मलमांचा गैरवापर हे एक मोठे कारण त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या अशा एका बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. त्यात भारताचे नाव यावे, ही अभिमानाची बाब नव्हे. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावायची स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम कागदावर आहे; पाळणे ग्राहकाच्याही हाती आहे. रॉकेल, ॲसिड, चुना असले जालीम उपाय तर कटाक्षाने टाळावेत. त्यांनी बुरशी मरण्याआधी कातडी भाजते.

मधुमेह असणाऱ्यांनी घरगुती उपायांवर वेळ घालवू नये. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते आणि बेचक्यातील छोटी भेग हे मोठ्या जंतुसंसर्गाचे दार ठरते. पाय लाल होऊन सुजला, गरम लागला, ताप आला किंवा पू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि पायावर न दुखणारी टणक गाठ वाढत असेल, तिच्यातून दाणे येत असतील, तर ती चिखली नव्हे. तेथे उशीर म्हणजे पाय गमावणे.

अजूनही उपेक्षित

हा शेवटचा इशारा कार्टर यांच्या काळाइतकाच आजही खरा आहे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. म्हणजे मुंबईत त्याचे कारण सांगितले गेल्यानंतर तब्बल दीड शतकाने. सुदानमध्ये खार्टूम येथे १९९१ पासून या रोगासाठी वेगळे संशोधन केंद्र चालत आले. तेथील युद्धात त्याचीही वाताहत झाली. भारतात हा रोग राजस्थानपासून दक्षिणेपर्यंत आढळतो. तो ज्यांना होतो ते अनवाणी शेतात जाणारे, गुरे राखणारे, लाकूडफाटा गोळा करणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी औषध शोधण्याची घाई बाजाराला कधीच नव्हती. साधी, मजबूत पादत्राणे आणि रुतलेल्या काट्याची जखम वेळीच स्वच्छ करणे, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आजही आहे.

कार्टर यांना मोठेपण मिळाले नाही, याची हळहळ वाटणे साहजिक आहे. पण त्यांच्या कामाकडे पाहिले तर एक गोष्ट जाणवते. ज्या पायांकडे त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी कापण्यापुरतेच पाहिले, त्या पायांकडे त्यांनी थांबून, बारकाईने आणि आदराने पाहिले. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात ओल्या फरशीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या पायाकडे मालकाने, मुकादमाने आणि स्वतः कामगाराने तितकेच बारकाईने पाहिले तरी पुष्कळ साधेल. कोरडी उभी राहण्याची जागा, न गळणारे बूट, पाळी संपल्यावर पाय धुण्याची सोय आणि वर्षातून एकदा पायांची तपासणी, एवढ्या गोष्टींना फार मोठा खर्च येत नाही. चादर आणि टॉवेल यांवर ज्या गावाचे नाव चालते, त्या गावात पाय कोरडे पुसायला टॉवेल कमी पडू नये, एवढीच अपेक्षा.